वीज गेली तेव्हा थ्रेलनं काय वाजवलं

रियेका, ४ नोव्हेंबर २०१९

एगॉन,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून नवा कागद घेतला. पस्तीस वर्षांनी पत्र लिहितोय ते तुझी खुशाली विचारायला नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तुझं पुस्तक वाचलं. विकत नाही घेतलं, वाचनालयातून आणलं. तिथली बाई कौतुकानं म्हणाली, "हे आपल्याच गावचे हो! आता झाग्रेबला असतात, मासिकात गाण्यांवर लिहितात." मी म्हटलं, "ओळखतो. एका बाकावर बसायचो आम्ही." तिला वाटलं मी फुशारकी मारतोय.

'कान शाबूत होते तेव्हा'. नाव चांगलं दिलंयस. आतलं वाचून माझं डोकं फिरलं.

लहान भांडणं आधी उरकतो. तुझ्या आवडत्या गिटारवाल्यांच्या यादीत रॉय डेलाकोर्ट पहिला आणि आपला बोर्त क्लानेत्स पाचवा? पाचवा! डेलाकोर्ट वेगात वाजवतो, कबूल. शिवणयंत्रसुद्धा वेगात चालतं. क्लानेत्स एका सुरावर असा थांबायचा की पुढचा सूर येईपर्यंत माणसानं सिगरेट पेटवून घ्यावी, आणि तरी तो सूर आला की वाटायचं, घाई केली यानं. ओपातियाच्या उघड्या रंगमंचावर आपण त्याला ऐकलं तेव्हा तू रडला होतास. पुस्तकात लिहितोस, 'डोळ्यांत समुद्राचं पाणी उडालं'. समुद्र कुठं होता रे तिथं?

दुसरं. टिन चॅपल बँडची 'ओहोटी' ही रेकॉर्ड त्रिएस्तेहून शर्टाखाली लपवून कुणी आणली? पान ४१ वर म्हणतोस, 'मी'. बस सीमेवर थांबली, जकातवाला आत आला, तेव्हा तू घामानं नुसता निथळत होतास आणि रेकॉर्ड माझ्या पाठीला बांधलेली होती, तुझ्या आईच्या डोक्याच्या रुमालानं. मला वाकता येत नव्हतं. जकातवाला म्हणाला, "वा, काय ताठ बसलाय पोरगा! फौजेत जाणार वाटतं." तुझ्या लक्षात नसेल. माझ्या पाठीच्या आहे.

पण हे सगळं मी गिळलं असतं. पान ११२ गिळता येत नाही.

'फेब्रुवारी १९८०. त्रसातच्या क्रीडागृहात मी तिसऱ्या रांगेत उभा होतो,' असं सुरू होतं ते पान. टिन चॅपलचा कार्यक्रम. बाहेर बुराचं थंड वादळ सुटलेलं, चौथ्या गाण्यात वाऱ्यानं तारा तुटल्या आणि वीज गेली. दोन हजार माणसं अंधारात ओरडायला लागली. मग त्यांचा गिटारवाला कॉलिन थ्रेल कंदिलाच्या उजेडात रंगमंचाच्या कडेला येऊन बसला, पाय खाली सोडून, आणि विजेची गिटार विजेशिवाय वाजवायला लागला. पुढच्या रांगांनी मागच्यांना गप्प केलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. शेवटी अख्खं सभागृह श्वास धरून त्या एवढ्याशा आवाजाकडे कान लावून बसलं. तू लिहितोस, 'शेजारच्या खोलीत कुणी काडेपेटीवर नख घासावं, इतकाच तो आवाज. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यांत मोठा आवाज तोच.'

एगॉन, तू तिथं नव्हतास. तुला कावीळ झाली होती. तू इस्पितळात पडला होतास, डोळे लिंबासारखे पिवळे करून, आणि तिकीट फुकट गेलं म्हणून परिचारिकेला शिव्या देत होतास. काडेपेटीवरचं नख तुला कुणी सांगितलं? मी. दुसऱ्या दिवशी तुझ्या खाटेशी बसून.

माणूस माणसाची रेकॉर्ड ढापतो, मुलगी पळवतो, तेही मी समजू शकतो. पण मैफल? ती तर एकदाच होते.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती कर. 'मी तिथं नव्हतो, हे मला नेव्हियो किंकेलानं सांगितलं,' एवढं एक वाक्य. नाही केलंस तर तुझ्या प्रकाशकाला लिहीन.

नेव्हियो

ता. क. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. बहीण बरी आहे, लोरे. माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. नवरा गेला तिचा, तीन वर्षं झाली.


रियेका, २० नोव्हेंबर २०१९

एगॉन,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तेही चार पानी, हातानं लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

'तू ती गोष्ट इतक्यांदा आणि इतकी छान सांगितलीस, की मला ती दिसायला लागली. लिहिताना मी खोटं बोलतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.' ही माफी आहे की स्तुती? मला चुचकारू नकोस. गोदीत पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलंय मी, साहेब लोकांची गोड भाषा ओळखता येते.

दुरुस्ती करतो म्हणालास, ठीक. त्याबद्दल आभार. पण मग लगेच उलटतपासणी कशाला? 'थ्रेलनं नेमकं काय वाजवलं? तू कधी सांगायचास, "ओहोटी"मधलं शेवटचं संथ गाणं. कधी म्हणायचास, चर्चमधली कुठली तरी चाल.' अरे, वीज नसलेली गिटार ती! कुणाला काय कळणार? चाळीस वर्षं झाली. तुला स्वतःची कावीळ आठवत नाही आणि मी सूर आठवायचे?

लोरेनं तुझं पुस्तक माझ्या टेबलावरून उचललं होतं. भांडी विसळायला आली आणि उभ्या उभ्या पान ११२ वाचलं. म्हणाली, "हा कंदील कुठून आला?" मी म्हटलं, "पुस्तक लिहिणारे लोक घालतात काहीतरी." तिनं पुस्तक मिटलं आणि भांडी न विसळताच खाली गेली. तिचं हल्ली असंच असतं.

आता आपल्या बँडविषयी. 'सातवा धक्का' मोडला त्याला मी जबाबदार नाही. तू मला फोनवर काढलंस. फोनवर! त्या पुला गावच्या पोराला आणलंस माझ्या जागी. त्यावर तू आज लिहितोस, 'नेव्हियो, तुला वाजवता येत नव्हतं रे. आवड होती, पण हात नव्हता.' हे सांगायला तुला पस्तीस वर्षं लागली? आणि पुढचं वाक्य तर कमालच. 'तू फौजेतून परतलास तेव्हा तुझ्या घरी लोरेदानाला वाजवताना ऐकलं होतं मी. तिला घेऊ म्हटलं, तर तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस.'

मी विचारलं होतं तिला. तिला नको होतं. मासळीच्या कारखान्यात नोकरी लागली होती तिला, पहाटे पाचला उठायची. मी पंधरा महिने निशच्या छावणीत बंदूक साफ करत होतो, तेवढ्यात तिनं माझी गिटार काढून चार चाली बसवल्या, एवढंच ते. त्याचं भांडवल करू नकोस.

सहा डिसेंबरला वाचनालयात तुझा कार्यक्रम आहे, पोस्टर पाहिलं. येईन. शेवटच्या रांगेत बसेन. लोरेलाही आणतो, तिला तुला पाहायचंय म्हणे, डोक्यावर केस उरलेत का ते.

नेव्हियो


रियेका, ८ डिसेंबर २०१९

एगॉन,

परवा तू बाहेर दारात माझा दंड धरून विचारलंस, "लोरेदाना अशी मध्येच का उठून गेली?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं तिचं. तेही खोटं. म्हणून हे लिहितोय. तीन कागद फाडून झालेत.

तू चुकलास, असं मला म्हणायचं होतं. येताना खिशात पान ११२ ची नक्कल होती. वाटलं होतं, भर सभेत उभं राहून विचारीन, काय हो लेखक, कावीळ कुठल्या रांगेत झाली होती? आणि तू काय केलंस? मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "या पुस्तकात एक चोरी आहे. त्रसातच्या त्या मैफलीला मी नव्हतो. जो होता तो शेवटच्या रांगेत बसलाय. नेव्हियो, तू सांग. तुझ्याकडूनच ऐकू दे सगळ्यांना."

सगळे वळून बघायला लागले. वाचनालयातली ती बाई टाळ्या वाजवायला लागली.

मी उठलो. लोरे माझ्या डाव्या हाताला, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. आणि मी सांगितलं. बुरा, तारा, अंधार, कंदील, काडेपेटीवरचं नख, सगळं. इतकं चांगलं मी आजवर सांगितलं नव्हतं. एक पोरगी डोळे पुसत होती. मी 'आयुष्यात एकदाच' म्हणालो तेव्हा लोरे उठली, "जरा पाय घ्या हो" म्हणत रांगेतून वाट काढून बाहेर गेली. आणि मी थांबलो नाही, एगॉन. शेवटपर्यंत सांगितलं. टाळ्या घेतल्या.

आता ऐक. मीही तिथं नव्हतो.

बाबांनी लोरेला मैफलीला जाऊ दिलं ते एका अटीवर, नेव्हियो क्षणभरही तिला एकटी सोडणार नाही. ती सोळाची, मी अठराचा. क्रीडागृहाच्या मागे गोदीतली पोरं आलुबुखाराची दारू पीत उभी होती. मीही प्यायलो. दारात पोहोचलो आणि तिथल्या पोलिसाच्या बुटांवर ओकलो. त्यानं मला मानेला धरून बाजूला केलं. लोरे दोन्ही तिकिटं हातात घेऊन उभी. मी म्हटलं, "तू जा, मी आलोच." ती घाबरली होती, पण गेली. मी भिंतीला टेकून बसलो. आतून ड्रमचे धक्के भिंतीतून पाठीला लागत होते. मग रस्त्यावरचे दिवे गेले आणि धक्केही थांबले. त्यानंतर मी ऐकला तो फक्त बुराचा वारा. थ्रेलचा एक सूरही नाही.

सुटल्यावर ती आली. मला आधार देत त्रसातच्या पायऱ्या उतरताना तिनं मला सगळं सांगितलं. मध्ये एका पायरीवर बसलो, तिथं तिनं आपल्या नखानं माझ्या काडेपेटीवर घासून दाखवलं. "असा," म्हणाली. "इतकाच आवाज."

दुसऱ्या दिवशी तुझ्या खाटेशी मी एकटा नव्हतो, आठवतंय? ती उभी होती, संत्र्यांची पिशवी घेऊन. तू विचारलंस, "काय झालं, सांग ना लवकर!" मला फक्त म्हणायचं होतं, मी आत गेलोच नाही. पण लाज वाटली. मी सांगायला लागलो आणि सांगतच सुटलो. मी तिला विचारलंही नव्हतं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बोलली असती तर बाबांना कळलं असतं की मी तिला दोन हजार माणसांत एकटी सोडली. त्यांनी मला फोडलं असतं आणि तिला पुन्हा कुठं जाऊ दिलं नसतं. म्हणून ती तेव्हा गप्प राहिली. पुढं गप्प राहायची तिला सवय लागली असेल, किंवा मी लावली.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी बाबांनाही तेच सांगितलं. तुला ठाऊक आहे, बाबा क्रेनवर बसायचे, गाण्याबिण्यातलं त्यांना काही कळायचं नाही. पण ते चमचा खाली ठेवून ऐकत राहिले. मे महिन्यात त्रिएस्तेहून गिटार घेऊन आले. माझ्यासाठी. "हा पोरगा असं काही ऐकून आलाय," आईला म्हणाले, "त्याच्या हातात काहीतरी दिलं पाहिजे." लोरेनं गिटारच्या पिशवीची चेन एकदा उघडून पाहिली आणि लावून टाकली.

आणि बँडचं. मी तिला कधीच विचारलं नव्हतं. तू 'तिला घेऊ' म्हणालास हे मी तिच्यापर्यंत पोहोचवलंच नाही. पंधरा महिन्यांत तिनं जे बसवलं होतं ते मला जन्मात जमलं नसतं. फौजेतून आलो त्या दुपारी मी जिन्यात उभा राहून ऐकलं. मग दार उघडून म्हणालो, "आलो मी. दे इकडं."

तुझ्यावर ओरडायला बसलो होतो. ते राहून गेलं.

पुस्तकात काय लिहायचं ते तू बघ. मला सुचत नाही. लोरे दोन दिवस दार उघडत नाहीये. आत रेडिओ चालू असतो, म्हणजे आहे घरात.

नेव्हियो


रियेका, १३ जानेवारी २०२०

एगॉन,

तू म्हणतोस, 'तिची माफी माग आणि गिटार तिला दे, बाकी होईल ठीक.' तुला झाग्रेबला बसून सोपं वाटतं.

माफी मागितली. नाताळच्या आदल्या दिवशी तिनं दार उघडलं, हात पिठाचे, नाताळचे गोड फ्रितुले तळत होती. मी दारातच म्हणालो, "लोरे, माझं चुकलं." तिनं विचारलं, "कधी?" मी गोंधळलो. "कधी म्हणजे?" "म्हणजे इस्पितळात, का जेवणाच्या टेबलावर, का जिन्यात, का वाचनालयात?" एगॉन, तिला जिन्यातलंही माहीत होतं. मी वर येताना पायरी वाजली होती म्हणे, आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. "मला वाटलं तू आत येऊन म्हणशील, अजून वाजव. म्हणून मी ते परत पहिल्यापासून वाजवलं."

मी तिथंच जिन्यात बसलो.

दुसऱ्या दिवशी गिटार खाली नेऊन दिली. तारा नव्या घातल्या होत्या. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ही इथं नको ठेवू, कपडे वाळत घालायची जागा आहे ती." मी म्हटलं, "तुझी आहे ही." तर तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. तीस वर्षं थंड पाण्यात मासळी साफ केलेले हात. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झालीत, बाटलीचं झाकण मी उघडून देतो तिला. आणि मला हे आठवलं नव्हतं, एगॉन. तारा विकत घेताना, घालताना, जिना उतरताना, एकदाही नाही.

"मग मी करू काय?" मी ओरडलोच. "तू सांग, तेच करतो."

"जिथं जिथं सांगितलंस तिथं जाऊन खरं सांग."

"चाळीस वर्षांत किती ठिकाणी सांगितलं असेल!"

"मग लवकर सुरू कर," ती म्हणाली आणि कढईकडे वळली.

तर मी सुरू केलं. तू आमचा बंदरावरचा बार पाहिला नाहीस, मिल्वाना चालवते. तिथं बाल्दो आणि आणखी दोघं-तिघं गोदीतले जुने लोक असतात. त्रसातची गोष्ट त्यांनी माझ्याकडून शंभरदा ऐकलीय, कुणी नवा आला की तेच म्हणतात, "नेव्हियो, सांग रे थ्रेलची." मी गुरुवारी गेलो, उभा राहिलो आणि सांगितलं. मी आत नव्हतो, मी बाहेर ओकत होतो, जे ऐकलं ते माझ्या बहिणीनं ऐकलं. ते हसायला लागले. बाल्दोच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "पोलिसाच्या बुटांवर! हे नवीन घातलंस, भारी आहे. बरं, आता खरी सांग." मी शपथा घेतल्या. मिल्वाना म्हणाली, "बाबा रे, घरी जा, ताप आहे तुला."

रागानं लाल होऊन खाली लोरेकडे गेलो. "कुणी विश्वासच ठेवत नाही!" तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "उद्या मी येते."

शुक्रवारी तिनं चांगला कोट घातला, कानात डूल घातले. चाळीस वर्षांत त्या बारमध्ये तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. कॉफी मागवली आणि बाल्दोसमोर बसून सांगायला लागली. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, कारण पायऱ्यांवर तिनं सांगितलेलं अर्धं मी केव्हाच गाळून टाकलं होतं.

ती म्हणाली, कंदील नव्हता, कुणा कामगाराची बॅटरी होती, तीही मिणमिणती. थ्रेल येऊन बसला तेव्हा थंडीनं त्याची बोटं आखडली होती. आधी त्यानं हात काखेत धरून ऊब घेतली. मग एक छोटीशी चाल सुरू केली आणि मध्येच अडखळला. मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी अडखळला. तिसऱ्यांदाही. "लोक गप्प झाले ते त्याच्यासाठी," लोरे म्हणाली. "म्हणजे, त्याला जमावं म्हणून. आम्ही सगळे त्या एका जागेची वाट बघत होतो. चौथ्या वेळी तो त्या जागेवरून पार गेला. मग तो हसला आणि पुढं वाजवत राहिला. कुठलं गाणं होतं मला माहीत नाही. मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं, हा एवढा मोठा माणूस, यालासुद्धा चार वेळा करावं लागतं. म्हणजे मलाही येईल."

मिल्वानानं नळ बंद केला. मला वाटलं, आता यांना कळलं.

बाल्दोनं ग्लास फिरवला, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "राग मानू नका ताई. पण थ्रेल अडखळला वगैरे… ते काही जमत नाही. नेव्हियो सांगतो ना, ते जास्त चांगलं आहे."

मी उठलो, खुर्ची मागे पडली. काय बोलणार होतो कोण जाणे, बहुतेक मारलंच असतं त्याला. लोरेनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. तिला राग आलेला दिसला नाही. कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला.

"असणारच चांगलं," ती बाल्दोला म्हणाली. "त्याला चाळीस वर्षांचा सराव आहे. मी ते एकदाच ऐकलं."

नेव्हियो